कॅमेरा कुठल्या बांधावर उभा आहे?

'फँड्री' या मराठी चित्रपटात एक प्रसंग आहे. कचरू माने, त्याची बायको, मुलगा जब्या आणि इतर मुलं यांनी शाळेजवळ डुकराला घेरलेलं असतं. बराच वेळ चाललेला पाठलाग आता संपणार, डुक्कर हाती लागणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही. ते आपल्या वाटेने निघून जातं.

या प्रसंगावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेक लिखाण 'अंगावर काटा आला' इथे येऊन थांबतं. काटा का आला, तो आणण्यासाठी दिग्दर्शकाने काय केलं, हे सांगायचं तर चौकट, आवाज, चिन्ह, नजर असे काही शब्द हाताशी लागतात. माध्यमांचा अभ्यास शिकवणाऱ्या वर्गांत हे शब्द असतात, पण ते परीक्षेच्या टिपांत व्याख्या होऊन पडलेले असतात. चांगलं अवजार माळ्यावर ठेवावं तशी त्यांची गत. ते खाली काढून एकाच जिल्ह्याच्या मातीत चालवून पाहावं, एवढाच या आढाव्याचा खटाटोप.

जिल्हा नगर. कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला आहे, पण एसटीत बसणारा अजून 'एक नगर' म्हणूनच तिकीट मागतो. मीही इथे तेच नाव वापरतो. नगर निवडण्याचं कारण उघड आहे. 'फँड्री'ची कथा घडते ते अकोळनेर नगर शहराजवळचं. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनाचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात घेतलं. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्या वर्गात या संकल्पना शिकवल्या जातात तिथूनच एक दिग्दर्शक निघाल्याचं दिसलं. चित्रपटाची भाषा पुण्या-मुंबईतच शिकता येते, हा समज तिथे मोडला.

आता चौकटीकडे. चौकट म्हणजे काय दाखवलं, असं आपण समजतो. खरं तर चौकट म्हणजे काय वगळलं. कॅमेरा जिथे उभा राहतो तिथून जगाचा एक तुकडा दिसतो आणि बाकीचं जग कापलं जातं. कापलेलं जग मात्र नाहीसं होत नाही. ते आवाजाने आत येऊ शकतं. राष्ट्रगीताच्या प्रसंगात नेमकं हेच घडतं. चौकटीत आहे दमलेलं, घामेजलेलं कुटुंब आणि त्यांचं डुक्कर. राष्ट्र आलंय ते फक्त कानावाटे. हा आवाज पार्श्वसंगीताचा नाही. तो कथेतल्या जगातला आहे, पात्रांनाही ऐकू येतो, म्हणूनच ती थांबतात. अभ्यासाच्या भाषेत कथेच्या आतला आवाज आणि कथेबाहेरचा आवाज असा भेद करतात. तो कोरडा वाटतो, पण इथे सगळा प्रसंग त्याच्यावर उभा आहे. हेच सूर पार्श्वसंगीत म्हणून वाजले असते, तर दिग्दर्शक आपल्याला उपदेश करतोय असं वाटलं असतं. ते शाळेतून येतात, म्हणून उपदेश होत नाही, घटना होते.

मग चिन्हाचा प्रश्न. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या 'मिथोलॉजीज' या पुस्तकात एका मासिकाचं मुखपृष्ठ उलगडून दाखवलं आहे. फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णी तरुण सलाम करतोय, एवढंच चित्र. पहिला अर्थ सरळ: एक सैनिक सलाम करतोय. पण त्या अर्थाच्या पाठीवर दुसरा बसून येतो: फ्रान्सचं साम्राज्य किती उदार आहे पाहा, ज्यांना दडपल्याचा आरोप होतो तीच मुलं झेंड्याला वंदन करतात. हा दुसरा अर्थ इतक्या सहज आत शिरतो की तो कुणी घडवलाय हे विसरायला होतं. बार्तचा सगळा रोख त्या सहजतेवर आहे. आता हे चित्र मानेंच्या कुटुंबाशेजारी ठेवून पाहा. इथेही दडपलेली माणसं वंदन करताहेत. पण मुखपृष्ठाने जी विसंगती झाकली, ती मंजुळे उघडी करतात, आणि तीही फक्त एक डुक्कर चालतं ठेवून. मराठी चित्रपटात याहून कमी खर्चात झालेलं चिन्हांचं काम मला आठवत नाही.

त्याच चित्रपटात थोडं पुढे डुक्कर बांबूला टांगून नेताना कुटुंब एका भिंतीपुढून जातं. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्यांची चित्रं आहेत. चित्रपटाच्या अभ्यासात या प्रसंगाला फार मान मिळाला आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. भिंत अर्थ सांगते, अगदी बोट दाखवून सांगते. राष्ट्रगीत अर्थ घडवतं. दृश्यरचना, म्हणजे चौकटीत काय, कुठे, कशाशेजारी ठेवायचं हा विचार, दोन्हीकडे आहे. पण पहिल्यात ती पोस्टरसारखी वाचता येते आणि दुसऱ्यात प्रेक्षकाला स्वतः जुळवाजुळव करावी लागते. चांगल्या चित्रपटातही एक प्रसंग दुसऱ्याहून उणा असतो, हे म्हणायची सवय आपल्या परीक्षणांना नाही. चित्रपट एक तर डोक्यावर घ्यायचा, नाही तर आपटायचा.

ही सवय नसण्यामागे इतिहास आहे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. मराठी माणूस चित्रपट करायला लवकर शिकला, वाचायला उशिरा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आलं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर 'पथेर पांचाली' शॉटमागून शॉट उलगडून शिकवत. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक १९८५ च्या सुमारास आलं आणि प्रकाश, चेहरा, कॅमेऱ्याची हालचाल यांवर मराठीत कसं लिहायचं याचा वस्तुपाठ मिळाला. मात्र रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण कथानक आणि चांदण्या यांपलीकडे फारसं गेलं नाही. कथानक सांगणं सोपं, कारण ते कादंबरीसारखं सांगता येतं. कॅमेरा कुठे होता हे सांगायला पुन्हा पाहावं लागतं.

संकलनाची गोष्ट तशी जुनीच. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. दोन दृश्यं जोडली की तिसरा अर्थ पडद्यावर नाही, आपल्या डोक्यात तयार होतो. जब्याचा चेहरा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला अभिनयाचं कुठलंही पूर्वशिक्षण नव्हतं आणि तरी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्याचा चेहरा फारसं काही 'करत' नाही. तो जिच्या मागे लागलाय त्या काळ्या चिमणीशेजारी तो चेहरा आशाळभूत, त्याला आवडणाऱ्या शालूशेजारी खुळा, डुकराशेजारी मेल्याहून मेला. श्रेय मुलाला आहेच, थोडं कात्रीलाही द्यायला हवं.

आवाजाबद्दल आणखी थोडं, कारण मराठी प्रेक्षकाचं त्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. धनगरांच्या भटकंतीवरचा भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' (२०१५) घ्या. त्यात मेंढरं, वारा, काठीचा आपटा हे सगळं जागेवरच ध्वनिमुद्रित केलेलं आहे. त्या ध्वनिमुद्रणालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्टुडिओत नंतर भरलेल्या संवादांची आपल्या कानांना इतकी सवय आहे की खऱ्या माळावरचा आवाज सुरुवातीला ओबडधोबड वाटतो. मग लक्षात येतं, या माणसांना बंद दाराआड बोलायची सोयच नाही, त्यांचं प्रत्येक वाक्य वाऱ्यातून येणार. मंजुळेंच्याच 'सैराट'ने (२०१६) उलटी युक्ती केली. पूर्वार्धाला हॉलिवुडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला भव्य वाद्यवृंद, आणि शेवटी आवाजच काढून घेतलेला. पायाचे ठसे उमटतात, मूल रडतं, पण ऐकू काहीच येत नाही. दोन-अडीच तास गाण्यांनी भरलेलं चित्रपटगृह त्या शांततेत कसं अवघडून जायचं, हे ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना नव्याने सांगायला नको.

आता नजर. लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या लेखात दाखवून दिलं की लोकप्रिय चित्रपटात पुरुष पाहतो आणि बाई पाहिली जाते. कॅमेरा पुरुषाच्या खांद्यावरून पाहतो आणि प्रेक्षकालाही तिथेच उभं करतो. या कसोटीवर 'फँड्री' पुरता उतरत नाही. जात कुठून पाहते हे त्यात विलक्षण बारकाईने आलं आहे, पण शालूला स्वतःची नजर नाही. ती जब्याला दिसते तेवढीच आपल्याला दिसते. त्याच्याशी ती बोलत नाही, आणि तिला काय वाटतं हे आपण फक्त शेवटच्या हसण्यावरून ताडायचं. दलित मुलाची नजर पडद्यावर आणताना मुलीची नजर मागे राहिली. ही खोट दिग्दर्शकालाही जाणवली असावी असं 'सैराट'वरून वाटतं. त्यातली नायिका आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि मुख्य म्हणजे आधी तीच रोखून पाहते. नायक परश्या बघून घेतला जातो.

'फँड्री'च्या अखेरच्या पाठलागात पाहणाऱ्यांची अख्खी उतरंड आहे. गावातली रिकामटेकडी पोरं बांधावर, भिंतीवर बसून क्रिकेटचा सामना पाहावा तशी मजा घेताहेत. शाळेतली मुलं पाहताहेत. शालू पाहतेय. त्यांच्या मागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे तिकीट काढून बसलेले आपण. पाठलाग मुद्दाम विनोदी ठेवलेला आहे. पडणं, निसटणं, धांदल, सगळं हसू येईल असं. हसू आलं की आपण कुठल्या बांधावर बसलो आहोत हे ठरून गेलेलं असतं. म्हणून जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. पात्राने प्रेक्षकाकडे वळणं नवं नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या समोरच्या पाटलाला नावाने हाक मारत आलाय. पण सोंगाड्या माफी ठेवून बोलतो. जब्या ठेवत नाही.

कलाकृतीतून बाहेर पडून ती पाहणाऱ्यांकडे गेलं की माध्यमांच्या अभ्यासातला दुसरा मोठा भाग सुरू होतो. स्टुअर्ट हॉल यांची मांडणी अशी: कर्त्याने अर्थ घालून पाठवला तरी पाहणारा तो जसाच्या तसा घेतो असं नाही. कुणी तो मान्य करतो, कुणी घासाघीस करतो, कुणी साफ उलटा लावतो. 'फँड्री'च्या बाबतीत ही घासाघीस तिकीटखिडकीच्याही आधी सुरू झाली. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ ला, प्रेमाच्या दिवशी, लागला. जाहिरातीत अजय-अतुल यांचं प्रेमवेडं गाणं वाजत होतं, आणि ते चित्रपटात नव्हतंच. कोवळी प्रेमकथा बघायला आलेल्यांना हाती काय आलं, ते आपण पाहिलंच. पोस्टर, गाणं, प्रदर्शनाची तारीख हेही चित्रपटाच्या अर्थाचा भाग असतात. त्या वेळी याला काहींनी फसवणूक म्हटलं. मला ती चांगली गनिमी चाल वाटते, कारण नाव ऐकूनच जे फिरकले नसते तेही खुर्चीत येऊन बसले. नाव तरी काय, कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. बहुतेक मराठी प्रेक्षकांना हा शब्द प्रथमच कानावर पडत होता.

त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, एप्रिल २०१४ च्या अखेरीस, याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. कारण सांगितलं गेलं ते सवर्ण मुलीशी बोलण्याचं. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि तेव्हा नुकत्याच आलेल्या 'सैराट'वर बोट ठेवणारेही निघाले. चित्रपट सुई टोचल्यासारखा थेट वागणुकीत उतरतो, ही कल्पना संशोधकांनी फार पूर्वी मागे टाकली. ती आपल्या चर्चेत मात्र ठाण मांडून आहे, कारण ती सोयीची आहे. गावाने काय केलं हे विचारण्यापेक्षा चित्रपटाने काय शिकवलं हे विचारणं कमी धोक्याचं.

माध्यमांचा खरा प्रभाव वेगळ्या जागी शोधावा लागतो. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९७२ मध्ये मांडलं की वृत्तमाध्यमं लोकांना काय मत बनवायचं हे फारसं सांगू शकत नाहीत, पण कशाविषयी मत बनवायचं हे ठरवतात. नगर जिल्ह्याने याची दोन टोकं पाहिली आहेत. २०११ मध्ये पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले, तेव्हा वृत्तवाहिन्यांच्या चोवीस तासांत दुसरं काही मावत नव्हतं. राळेगणचं पाणलोटाचं काम त्याआधी कितीतरी वर्षांचं, पण कॅमेऱ्याला ते दिल्लीवरून दिसलं. दुसरं टोक नोव्हेंबर २०१७ चं. नगरच्या सत्र न्यायालयाने त्या एकाच महिन्यात खर्डा प्रकरणातल्या आरोपींची निर्दोष सुटका केली आणि कोपर्डी प्रकरणात फाशी सुनावली. न्यायालयासमोरचे पुरावे वेगळे, खटले वेगळे. त्यांची तुलना हा या लेखाचा विषय नाही. पण या दोन निकालांपैकी वाचकाला आधी कुठला आठवला, एवढं त्याने स्वतःशी पडताळून पाहावं.

कुठली बातमी आत घ्यायची हे ठरवणाऱ्याला अभ्यासक द्वारपाल म्हणतात. हा द्वारपाल शहरातच बसला पाहिजे असं नाही, हेही नगरनेच दाखवलं. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरमधून निघालं. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवलं, तेही वर्षानुवर्षं. त्यांच्याच 'कुळकर्णी लीलामृत'ने पोथीचा ओळखीचा साचा घेतला आणि देवाच्या जागी गावचा कुलकर्णी बसवला. विडंबन, रूपबंध, लोकप्रिय साचा उलटवणं या विषयावर कुणाला वर्गात उदाहरण हवं असेल तर हॉलिवुडपर्यंत जायची गरज नाही.

पोथीवरून देवाच्या प्रतिमेकडे येऊ. शिर्डीच्या साईबाबांचं निधन १९१८ मध्ये झालं, समाधी मंदिरातली बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये बसली, आणि १९७७ च्या हिंदी चित्रपटात सुधीर दळवींनी बाबांचा वेश घेतला. छायाचित्र हे माणसासमोर कॅमेरा होता याचा पुरावा असतं. मूर्ती ही आठवणीतून घडवलेली आकृती. चित्रपटातला नट या दोहोंच्या आधारे हलतो-बोलतो. आज दुकानात टांगलेल्या तसबिरीत यातलं नेमकं काय आहे, हे सांगणं कठीण होऊन बसतं. नटाच्या प्रतिमेचंही तसंच. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये ज्ञानेश्वर झाले ते नगरचे शाहू मोडक, ख्रिस्ती घरातले. कृष्णाच्या भूमिका तर त्यांनी इतक्या केल्या की लोकांना तेच कृष्ण वाटत. पडद्यावरची प्रतिमा जन्मदाखल्यावर मात करते. सदाशिव अमरापूरकरांच्या बाबतीत हे उलट्या बाजूने झालं: 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आणि नगरच्या सामाजिक कामांत धावणारा माणूस एकच, हे पटवून द्यावं लागे.

शिर्डीची कीर्ती गावोगाव नेणारं पहिलं माध्यम मात्र चित्रपटही नव्हता आणि छापखानाही नव्हता. ते होतं दासगणूंचं कीर्तन. आधी पोलीस खात्यात शिपाई असलेले दासगणू अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट करून कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी त्यांना नवरदेवासारखा नटून कुठे निघालास असं विचारलं आणि ते सगळं उतरवायला लावलं, अशी कथा साईचरित्रात आहे. पुढे ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या आणि गळ्यात हार घालून उभे राहत. वेशभूषेचा, दृश्यरचनेचा एवढा नेमका धडा चित्रपटाच्या वर्गातही क्वचित मिळतो. हे दासगणू १८६८ मध्ये जन्मले, ते अकोळनेरला.